डोंबिवलीच्या नावाची संख्या

सोलापूरहून मुंबईला निघालेली गाडी कल्याण सोडून ठाण्याकडे जाताना डोंबिवलीवरून जाते. या स्थानकाच्या नावावरून गणितातल्या एका संख्याकुळाला नाव मिळाले आहे, हे खिडकीशी बसलेल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. नाव ठेवले दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. ६१७४ या संख्येमुळे ते पुढे जगाला माहीत झाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते 'डेम्लो' संख्यांच्या मागे होते. त्यांचा विचार सुचला तो डोंबिवली स्थानकावर, म्हणून हे नाव.

१६६५ घ्या. पहिला १ आणि शेवटचा ५ मिळून ६, आणि मधे नुसते सहाच. अशा संख्या म्हणजे डेम्लो. त्यांतल्या काहींना कापरेकरांनी 'वंडरफुल' म्हटले: नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग. १११ चा वर्ग १२३२१. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१, सतरा अंकी. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग. अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग.

यात जादू काही नाही. शाळेतल्यासारखा उभा गुणाकार मांडा: एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. मधल्या स्तंभात नऊ एक, दोन्ही बाजूंना एकेक कमी. खरी गंमत दहाव्या एकाला आहे. मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा उरतो, तो शेजारच्या नवाला दहा करतो आणि पुन्हा हातचा. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ गायब! अंकांची बेरीज शंभर यायला हवी, येते ८२. प्रत्येक हातच्यापायी नऊ घटतात, इथे हातचे दोन.

आक्षेप इथेच असतो: हे सगळे दशमान पद्धतीमुळे आहे, संख्येचा अंगचा गुण नव्हे. आक्षेप खरा आहे. बाराच्या पायावर मोजणाऱ्यांचा मनोरा अकरा एकांपर्यंत टिकला असता. पण म्हणजे तो कुठे मोडतो हे पायावरून आधीच सांगता येते, आणि मला तरी हे गणितच वाटते.

कापरेकर १९३० पासून देवळालीला शाळामास्तर होते. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालेले, पदवी बी.एस्सी., त्यापुढे काही नाही. तरी १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये त्यांचा या संख्यांवरचा लेख आला, पुढच्या वर्षी गुंजीकरांबरोबर मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात दुसरा. अंकांशी खेळणारा मास्तर, अशीच इथली ओळख मात्र बराच काळ राहिली. १९६२ साली ते निवृत्त झाले. मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले ते मार्च १९७५ मध्ये. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.