कार्मेल: एका नांवाचा इतिहास

ज्या नांवानें आपलें मंदिर ओळखलें जातें, त्याचा इतिहास धर्मग्रामस्थांस ठाऊक असावा, अशी आमची फार दिवसांची इच्छा होती. या ज्युबिलीच्या निमित्तानें ती पुरी करीत आहों. त्यांत एका तरुणानें आम्हांस प्रश्न केला: "फादर, कार्मेल हें पूर्वीं मूर्तिपूजकांच्या एका देवाचें नांव होतें, हें खरें काय? आणि खरें असल्यास पवित्र मरियेस आपण तें कां लावितों?" प्रश्न प्रामाणिक आहे, त्यास उत्तरहि तसेंच दिलें पाहिजे.

'कार्मेल' हा इब्री शब्द असून फळबाग, सुपीक भूमि असा त्याचा अर्थ आहे. पवित्र शास्त्रांत या नांवाचीं दोन ठिकाणें आढळतात. पहिलें, हेब्रोनच्या दक्षिणेस यहूदा प्रांतांतील गांव. शौल राजानें आपल्या विजयाचें स्मारक तेथें उभारिलें, व कृपण नाबालाचीं मेंढरें कातरलीं जात तींहि तेथेंच. दुसरें, भूमध्य समुद्राच्या कांठीं हैफा शहरास लागून असलेला डोंगर. त्याचें सर्वांत उंच शिखर सुमारें ५४६ मीटर आहे. आपल्या देवमातेच्या नांवांतील कार्मेल तो हाच.

याच डोंगरावर एलिया संदेष्ट्यानें बआलाच्या ४५० संदेष्ट्यांस आव्हान दिलें. दोन धन्यांमध्यें मन वांटून किती काळ चालणार, असा त्याचा लोकांस सवाल होता. त्यानंतर दीर्घ अवर्षण संपलें, आणि समुद्रावरून तळहाताएवढा ढग वर आला. पुढें ख्रिस्ती भक्तांनीं त्या लहानशा ढगांत पवित्र मरियेचें प्रतीक पाहिलें.

तथापि एवढ्यानें त्या डोंगरावरील अन्य देवांची पूजा थांबली नाहीं. रोमन इतिहासकार टासिटस लिहितो कीं, तेथील डोंगराचें व देवाचें नांव एकच आहे. त्या देवास मूर्ति नाहीं, देऊळहि नाहीं, केवळ एक वेदी आहे. इ. स. ६९ मध्यें सम्राट झालेल्या वेस्पासियनानें, सम्राटपद मिळण्यापूर्वीं, तेथें यज्ञ केला होता, व बासिलिदेस नांवाच्या पुजाऱ्यानें त्यास भावी उत्कर्षाचें भविष्य सांगितलें होतें. शिवाय डोंगरावर संगमरवरी पावलाचा एक तुकडा मिळाला असून त्यावरील ग्रीक लेखांत कार्मेलच्या झ्यूस देवाचें नांव आहे. हा लेख १९५२ मध्यें विद्वानांनीं प्रसिद्ध केला. तेव्हां त्या तरुणानें ऐकलेलें खरें आहे, आणि तें लपविण्याचें आम्हांस कांहींच कारण दिसत नाहीं.

पुढें क्रूसयुद्धांच्या काळीं कांहीं एकांतवासी भक्त एलियाच्या झऱ्यापाशीं येऊन राहिले. पवित्र मरियेच्या नांवें त्यांनीं लहानसें मंदिर बांधिलें. जेरुसलेमचे धर्माधिपति आल्बर्ट यांनीं १२०६ ते १२१४ च्या दरम्यान त्यांस नियमावली दिली. १२९१ मध्यें आक्र शहर पडल्यावर त्यांस तो डोंगर सोडावा लागला. परंतु नांव त्यांच्याबरोबर गेलें. तेव्हांपासून कार्मेल म्हणजे जेथें प्रार्थनेचें जीवन चालतें तें स्थान, मग तें कोठेंहि असो, असा अर्थ रूढ झाला. १५६२ मध्यें संत तेरेजानें आविला येथें सुधारलेला मठ स्थापिला. गोव्याच्या कार्मेल मठांतून निघालेले धन्य दियोनिसियुस व रेदेम्प्तुस १६३८ मध्यें सुमात्रांतील आचे येथें हुतात्मे झाले. १७२० मध्यें मुंबई बेटावरील कॅथोलिकांच्या धर्मसेवेचा भार याच संघाच्या पाद्र्यांवर आला, आणि १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचा मुंबईशीं संबंध राहिला.

संगीतानेंहि हें नांव वाहिलें आहे. १७०७ मध्यें २२ वर्षांच्या हेंडेलनें, स्वतः लूथरपंथी असूनहि, रोममध्यें कार्मेलमातेच्या सणासाठीं गीतरचना केली. मेंडेलसोनच्या 'एलिया' या १८४६ च्या रचनेंत डोंगरावरील तो प्रसंग गाइलेला आहे. आणि १९५७ मध्यें मिलान येथें पूलेंकचें जें संगीतनाटक प्रथम झालें, तें काँपियेन्यच्या कार्मेल मठांतील १६ जणींचें. १७ जुलै १७९४ रोजीं, म्हणजे कार्मेलमातेच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशीं, पॅरिसमध्यें त्यांचा शिरच्छेद झाला. त्या गात गात वधस्तंभाकडे गेल्या. २०२४ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें.

आतां त्या तरुणास आमचें उत्तर. शेत तेंच असतें. पूर्वीं त्यांत काय उगवलें यापेक्षां आज त्यांत काय पेरलें जातें, हें महत्त्वाचें. कार्मेल हें नांव एका काळीं वेदीचें होतें. त्या १६ जणींनीं तें आपल्या रक्तानें आपलेंसें केलें. आम्हीं मात्र तें वाडवडिलांकडून आयतें घेतलें आहे. गळ्यांत स्कापुलार घालावें, आणि भावाशीं बांधावरून वर्षानुवर्षें अबोला धरावा, हें मन वांटणेंच नव्हे काय? एलियाचा सवाल आपल्या दाराशीं अजून उभा आहे. येत्या १६ जुलैस सणाच्या मिस्सेपूर्वीं ज्यांचा कोणाशीं तंटा असेल, त्यांनीं तो मिटवून यावें, एवढीच आमची या ज्युबिलीची मागणी आहे. कार्मेलमाता आपणां सर्वांसाठीं विनंती करो.