मोडशी : एका मराठी शब्दाचा आणि पेजेच्या वाटीचा इतिहास

१/ अति किंवा अवेळी खाण्याने उलट्या-जुलाब सुरू झाले, की जुने लोक म्हणत, ‘मोडशी झाली.’ बहुधा लंघन आणि पातळ पेज एवढ्यावर ती बरी होई. परंतु याच नावाने एक जीवघेणा रोगही ओळखला जाई : पटकी, म्हणजेच कॉलरा. दोहोंचा आरंभ सारखाच. त्यामुळे खरी कसोटी निदानाची होती. #इतिहास #धागा

२/ १५४३ मध्ये गोव्यात ही साथ उग्र रूपात आली. इतके लोक मरू लागले, की जनतेने धास्ती घेऊ नये म्हणून गव्हर्नर मार्तिम आफोन्सो द सौझा याने मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजवण्यास मनाई केली, असे समकालीन इतिहासकार गास्पार कोरेया सांगतो. एका मृताचे शवही उघडून पाहण्यात आले. आखडलेल्या जठरापलीकडे वैद्यांना काही आढळले नाही.

३/ सौझाबरोबर १५३४ मध्ये भारतात आलेला वैद्य म्हणजे गार्सिया द ओर्ता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले होते. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात या रोगाचे विवेचन आहे. येथील लोकांचा शब्द पोर्तुगिजांनी अपभ्रष्ट करून ‘मोर्देशी’ केला, हेही तो नोंदवतो.

४/ ओर्ताने सांगितलेली लक्षणे आजही अचूक वाटतात : हाताला जेमतेम लागणारी नाडी, गार पडलेले अंग, थंड घाम, असह्य तहान, खोल गेलेले डोळे, पायांत पेटके. साधे अपचन आणि पटकी यांतील सीमारेषा उलट्या-जुलाबांत नव्हे, तर या चिन्हांत होती. ही सारी शरीर कोरडे पडल्याची चिन्हे.

५/ स्थानिक वैद्यांचे उपायही त्याने लिहून ठेवले. मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज पाजणे, पेटक्यांवर हातपाय पट्ट्यांनी आवळून बांधणे, पायांना डाग देणे, डोळ्यांत मिरी घालणे. यांतले उपयुक्त कोणते आणि केवळ यातना देणारे कोणते, हे ठरवण्याचे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते. ना गोव्यातील वैद्यांकडे, ना युरोपातील.

६/ शब्दाचा प्रवास मात्र चालूच राहिला. ‘मोर्देशी’ फ्रेंचांच्या कानी पडला आणि त्याचे झाले ‘मॉर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’. पुढील वाचकांना हे रोगाच्या भीषणतेचे वर्णन वाटले. प्रत्यक्षात त्यामागे आपली घरगुती मोडशी दडलेली होती.

७/ १८१७ मध्ये बंगालमधून पटकीची महासाथ पसरली. तेव्हा अनेक युरोपीय डॉक्टर रुग्णाचे रक्त काढत आणि कॅलोमेल हे पाऱ्याचे रेचक देत. ज्याच्या देहातील पाणीच ओसरत होते, त्याच्यावर हा उलटा उपचार होता.

८/ १८३१-३२ च्या सुमारास विल्यम ओशॉनेसी याने दाखवून दिले, की रुग्णाच्या रक्तातील पाणी व क्षार घटलेले असतात. १८३२ मध्ये टॉमस लाटा याने शिरेतून क्षारयुक्त पाणी दिले. तरीही ही दिशा दीर्घकाळ उपेक्षित राहिली.

९/ १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

१०/ ग्लुकोजबरोबर सोडियम आतड्यातून शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी. पेजेतील स्टार्चपासूनही ग्लुकोजच तयार होते. म्हणून तांदळावर आधारित जलसंजीवनीही पुढे सिद्ध झाली. मात्र नुसती पेज म्हणजे जलसंजीवनी नव्हे. मिठाचे नेमके प्रमाण प्रयोगांनीच ठरले.

११/ ओर्ताच्या त्या नोंदीत पेज आणि डाग शेजारी शेजारी आहेत. पूर्वजांचा गौरव करणारा फक्त पेज दाखवतो, त्यांची टवाळी करणारा फक्त डाग. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही वाचावे लागतात. (समाप्त)