वेग, अंतर व काळ : एककांच्या रूपांतराचा इतिहास

तळोजा परिसरातील विद्यार्थ्याला वेगाचे उदाहरण पुस्तकात शोधण्याची गरज नाही. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेला नवी मुंबई मेट्रोचा बेलापूर–पेंधर मार्ग ११.१ किलोमीटर लांबीचा असून पेंधर हे त्याचे तळोज्याकडील टोक होय. हे अंतर अर्ध्या तासात कापले जाते असे धरल्यास सरासरी वेग ताशी २२.२ किलोमीटर येतो. तोच वेग दर सेकंदाला किती मीटर, हे काढण्यासाठी ५/१८ ने गुणावे लागते. हा अपूर्णांक विद्यार्थ्यांना पाठ असतो. तो आला कोठून, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते.

एककांचे रूपांतर ही आधुनिक शाळेची देणगी नव्हे. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या आरंभीच परिभाषा दिली आहे : २४ अंगुळांचा एक हस्त, ४ हस्तांचा दंड, २००० दंडांचा क्रोश व ४ क्रोशांचे योजन. काळाच्या बाबतीत अहोरात्राच्या ६० घटिका आणि घटिकेची ६० पळे. म्हणजे घटिकेला एक कोस चालणाऱ्याचा वेग पळाला १३३ पूर्णांक १/३ हस्त होतो. येथेही काळ ६० च्या पटीत विभागलेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

इंग्रजी अमदानीत कोसाच्या जागी मैल व घटिकेच्या जागी तास आला. मैलाचे ५२८० फूट व तासाचे ३६०० सेकंद, म्हणून गुणक २२/१५ झाला. पुढे १९५६ च्या वजने व मापे प्रमाणांविषयीच्या कायद्याने भारताने दशमान पद्धती स्वीकारली व ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. त्याआधीच, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे १०० नवे पैसे झाले होते. मैल गेला, किलोमीटर आला आणि १०००/३६०० या गुणोत्तरातून ५/१८ जन्मास आला. अंश दशमान झाला. छेद जुनाच राहिला.

काळाचेही दशमानीकरण करण्याचा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला होता. १७९३ मध्ये तेथे दिवसाचे १० तास व तासाची १०० मिनिटे ठरविण्यात आली. परंतु ७ एप्रिल १७९५ च्या ज्या कायद्याने मीटरला मान्यता दिली, त्याच कायद्याने हे नवे घड्याळ स्थगित केले. भारताने दीडशेहून अधिक वर्षांनी दशमान मापे घेतली ती या अर्धवट स्थितीतच.

विद्यार्थ्यांच्या एका नेहमीच्या चुकीचे मूळ येथे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने १ तास ३० मिनिटांत किती अंतर कापले जाईल, या प्रश्नात काळ १.३० असा मांडला जातो आणि उत्तर ९० ऐवजी ७८ किलोमीटर येते. रुपये-पैशांत दोन अंकी दशांश योग्य ठरतो, म्हणून तो घड्याळालाही लावला जातो. ही चूक निष्काळजीपणाची मानून गुण कापणे सोपे आहे. वस्तुतः ती दोन मापनपद्धतींच्या सांध्यावरची चूक आहे.

पावकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही जुनी पाठांतरे दशमान नाण्यांबरोबर निरुपयोगी ठरली, असे समजले गेले. आणे-पैचा हिशोब संपल्यावर ते स्वाभाविकही होते. पण ‘दीड तास’ या शब्दात एक पूर्णांक एक द्वितीयांश हीच संख्या आहे, आणि ती शंभराच्या एककाला जशी लागू पडते तशीच साठाच्याही. दिडकी पाठ असलेला मुलगा साठ दिढे नव्वद म्हणून थेट उत्तरावर येत असे, १.३० लिहिण्याची वेळच त्याच्यावर येत नसे.