दुहेरी वापरकर्ता खाते

दुहेरी वापरकर्ता खाते म्हणजे एकाच व्यक्तीच्या नावे एकाच संगणक प्रणालीत दोन किंवा अधिक खाती असण्याची स्थिती होय. नोकरी सोडून गेलेला कर्मचारी त्याच संस्थेत पुन्हा रुजू होतो, तेव्हा ही स्थिती विशेष आढळते. जुने खाते केवळ बंद ठेवलेले असते, नवी नेमणूक समजून दुसरे खाते उघडले जाते आणि दोन्ही खाती एकाच ईमेल पत्त्यावर किंवा वापरकर्ता नावावर हक्क सांगू लागतात. परिणामी कर्मचाऱ्याला लॉगिन करता येत नाही, किंवा लॉगिन होऊनही त्याला आपले जुने काम दिसत नाही.

कारणे

बहुतेक व्यवसाय प्रणालींत व्यक्तीची ओळख दोन पातळ्यांवर नोंदवलेली असते. पहिली पातळी माणसांना दिसणारी असते: नाव, ईमेल पत्ता, वापरकर्ता नाव. दुसरी पातळी प्रणालीने स्वतः दिलेल्या अंतर्गत ओळख क्रमांकाची असते. परवानग्या, फायली व व्यवहारांच्या नोंदी या सहसा दुसऱ्या क्रमांकाशी जोडलेल्या असतात. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक खात्याला असा स्वतंत्र सुरक्षा ओळख क्रमांक मिळतो. तेथे जुने खाते पुसून त्याच नावाचे नवे खाते उघडले, तरी नव्या खात्याला जुन्याचे अधिकार मिळत नाहीत. प्रणालीच्या दृष्टीने ती दुसरीच व्यक्ती असते.

मनुष्यबळ विभागाने पुनर्नियुक्त व्यक्तीला नवा कर्मचारी क्रमांक दिला, की त्या क्रमांकावर चालणाऱ्या वेतन, हजेरी व ईमेल प्रणाली आपोआप नवे खाते उघडतात. महाराष्ट्रात नावांच्या लेखनामुळे ही अडचण वाढते. शासकीय कागदपत्रांत अनेकदा आडनाव आधी लिहिले जाते, तर संगणकीय अर्जांत ते शेवटी अपेक्षित असते. वडिलांचे किंवा पतीचे नाव कधी लिहिले जाते, कधी गाळले जाते. विवाहानंतर अनेक स्त्रियांचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलतात. ज्ञानेश्वर हे एकच नाव रोमन लिपीत निरनिराळ्या पद्धतींनी लिहिले जाते. त्यामुळे केवळ नावावरून शोध घेतल्यास जुनी नोंद सापडत नाही.

लक्षणे

नवे खाते उघडताना ‘हे वापरकर्ता नाव आधीच वापरात आहे’ असा संदेश येणे हे सर्वांत सामान्य लक्षण आहे. सेल्सफोर्समध्ये वापरकर्ता नाव त्या सेवेच्या सर्व ग्राहक संस्थांमध्ये मिळून एकमेव असावे लागते आणि वापरकर्ता पुसता येत नाही, फक्त निष्क्रिय करता येतो. म्हणून तेथे जुने नाव अडलेलेच राहते. एकल लॉगिन वापरणाऱ्या संस्थांत कर्मचाऱ्याची ओळख पटते, पण ती निष्क्रिय खात्याशी जुळल्यामुळे प्रवेश नाकारला जातो. काही वेळा ईमेल एका खात्यात येते आणि बैठकांची निमंत्रणे दुसऱ्या खात्यात जातात.

निराकरण

सामान्यतः जुने खाते पुनरुज्जीवित करणे हा नवे खाते चालवण्यापेक्षा सुरक्षित मार्ग मानला जातो, कारण इतिहास जुन्या ओळख क्रमांकाशी जोडलेला असतो. त्यातील टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. ओळख निश्चित करणे: दोन्ही खाती एकाच व्यक्तीची आहेत हे जन्मतारीख, जुना कर्मचारी क्रमांक व मनुष्यबळ विभागाच्या नोंदींवरून पडताळले जाते. नामसाधर्म्य असलेल्या दोन व्यक्तींची खाती चुकून एकत्र झाल्यास एकाची खासगी माहिती दुसऱ्याच्या हाती जाते.

२. कोणते खाते ठेवायचे हे ठरवणे: फायली, ईमेल व व्यवहार ज्या खात्यावर अधिक आहेत ते सहसा मुख्य धरले जाते.

३. संघर्ष दूर करणे: नको असलेल्या खात्याचा ईमेल पत्ता व वापरकर्ता नाव आधी बदलले जाते आणि मगच मूळ नाव मुख्य खात्याला दिले जाते. हा क्रम उलटा केल्यास प्रणाली पुन्हा त्रुटी दाखवते.

४. जोडणी दुरुस्त करणे: मनुष्यबळ प्रणालीतील नवा कर्मचारी क्रमांक मुख्य खात्याशी जोडला जातो. ही पायरी राहिल्यास पुढच्या स्वयंचलित जुळणीत दुसरे खाते पुन्हा तयार होऊ शकते.

५. अधिकार नव्याने देणे: जुन्या पदाचे अधिकार काढून नव्या पदापुरतेच अधिकार दिले जातात.

६. दुसरे खाते निष्क्रिय करणे: त्यातील माहिती हलवल्यानंतरही ते लगेच पुसले जात नाही.

पुसलेले खाते परत मिळवण्याची मुदत मर्यादित असते. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडीमध्ये ती ३० दिवस, तर गूगल वर्कस्पेसमध्ये २० दिवस आहे. मुदत उलटल्यावर नवे खाते उघडून, उपलब्ध असलेली माहिती हाताने जोडण्याखेरीज पर्याय उरत नाही.

जोखीम

दुहेरी खाते ही केवळ गैरसोय नसते. बँका व पतसंस्थांमध्ये व्यवहाराची नोंद एकाने करायची आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची, अशी मेकर-चेकर पद्धत असते. एकाच व्यक्तीकडे दोन चालू खाती असल्यास ती स्वतःच नोंदवलेला व्यवहार स्वतःच मंजूर करू शकते आणि लेखापरीक्षणात मात्र दोन व्यक्ती दिसतात. तसेच कोणाचे लक्ष नसलेले जुने खाते परक्या व्यक्तीने वापरल्यास ते लवकर लक्षात येत नाही.

भारतातील उदाहरण: सार्वत्रिक खाते क्रमांक

भारतात या समस्येचे व्यापक रूप भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांत दिसते. नोकरी बदलली की नवा सदस्य क्रमांक मिळत असल्याने एका कामगाराची अनेक खाती होत. त्यावर उपाय म्हणून कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०१४ मध्ये १२ अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, सुरू केला. नोकरी कोणतीही असली तरी हा क्रमांक एकच राहावा, अशी त्यामागील कल्पना आहे. मात्र रुजू होताना जुना क्रमांक न कळवल्यामुळे अनेकांच्या नावे दुसरा क्रमांक तयार झाला. एक आधार क्रमांक एकाच यूएएनशी जोडता येत असल्याने अशा कामगाराला दुसऱ्या क्रमांकाच्या ऑनलाइन सेवा वापरताना अडचण येते. जुन्या क्रमांकावरील रक्कम व सेवाकाळ चालू क्रमांकाकडे हस्तांतरित करणे हा त्यावरील मार्ग आहे. नाव किंवा जन्मतारखेत तफावत असल्यास काही प्रकरणांत कामगार व मालक यांचे संयुक्त घोषणापत्र द्यावे लागू शकते.

साखर उद्योगात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, आणि काष्टीसारखी मोठी गावे असलेला श्रीगोंदा तालुकाही ऊस पट्ट्यात मोडतो. कारखान्यांतील हंगामी कामगार गळीत हंगामापुरते कामावर येतात आणि पुढच्या हंगामात परततात. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ नुसार मासिक निवृत्तिवेतनासाठी साधारणतः १० वर्षांची सेवा लागते, आणि हंगामी कामगाराची वर्षातील अपुरी सेवाही पूर्ण वर्ष धरली जाते. त्यामुळे काही हंगामांची नोंद दुसऱ्या क्रमांकावर राहिली आणि ती जोडली गेली नाही, तर निवृत्तिवेतनाच्या पात्रतेवरच परिणाम होऊ शकतो.

प्रतिबंध

नवे खाते उघडण्यापूर्वी निष्क्रिय खात्यांसह सर्व नोंदींत शोध घेणे हा मुख्य उपाय आहे. व्यक्तीला एकदा दिलेला क्रमांक कायम ठेवून नेमणुकीचा कालावधी त्याखाली स्वतंत्र नोंदवल्यास दुसरे खाते निर्माण होण्याचे कारण उरत नाही. हंगामी कर्मचाऱ्यांची खाती बंद न करता बिगरहंगामात तात्पुरती स्थगित ठेवता येतात. प्रणालींमध्ये वापरकर्त्यांच्या माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एससीआयएम २.० या मानकात बाह्य ओळख क्रमांक व सक्रिय-निष्क्रिय स्थिती यांसाठी वेगळी क्षेत्रे आहेत. त्यांच्या आधारे परतलेल्या व्यक्तीचे जुनेच खाते पुन्हा सक्रिय करता येते.

हेही पहा

एकल लॉगिन
ॲक्टिव्ह डिरेक्टरी
कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना
आधार