आजारपणात नोकरी गेली तरी पेन्शनचा हक्क जाऊ देऊ नका : तारापूर पट्ट्यातील कामगारांसाठी माहिती

केळवे, पालघर, उमरोळी, बोईसर या पट्ट्यातून दररोज हजारो कामगार तारापूर औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. कुणी रसायनाच्या कारखान्यात, कुणी कापडाच्या, कुणी स्टीलच्या. आपल्या वस्त्यांमधले कितीतरी तरुण ठेकेदाराकडे आहेत. जिल्हा परिषद, रेल्वे, एसटी, वीज कंपनी अशा ठिकाणी नोकरी करणारेही आहेत. यातला एखादा अपघाताने, पक्षाघाताने, मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा क्षयरोगाने घरी बसला की घरात पहिली चर्चा दवाखान्याच्या खर्चाची होते. पेन्शनचा विषय शेवटी निघतो, आणि तोपर्यंत अनेकदा एखाद्या कागदावर सही होऊन गेलेली असते.

म्हणून आम्ही हा लेख कार्यकर्त्यांच्या हाताशी राहावा अशा पद्धतीने लिहीत आहोत. कुठल्या परिस्थितीत कोणता हक्क लागू होतो, तो कशामुळे बुडतो आणि तो टिकवायचा कसा, एवढेच यात सांगितले आहे.

हा हक्क आला कुठून

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या काळात नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे राज्यासाठी मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्याही आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे दिले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आज कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून ‘ईएसआय’ म्हणून जी रक्कम कापली जाते, तिचा उगम इथे आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही, कामगाराने स्वतःच्या पगारातून वर्गणी भरून मिळवलेला हक्क आहे.

पीएफमधली पेन्शन : कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५

ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. मालकाच्या पीएफ हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शन फंडात जाते. १ सप्टेंबर २०१४ पासून त्यासाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. नेहमीची पेन्शन ५८ व्या वर्षी मिळते आणि त्यासाठी १० वर्षांची सेवा लागते. हिशोब सोपा आहे : शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगार १५,००० आणि सेवा १४ वर्षे असेल तर पेन्शन ३,००० रुपये येते.

एवढे बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण याच योजनेतली अपंगत्वाची तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. नोकरीत असताना कामगार कायमचा आणि पूर्णपणे अपंग झाला, तर त्याला १० वर्षांची अट लागत नाही. पेन्शन फंडात एका महिन्याची वर्गणी जमा झालेली असली तरी तो पात्र ठरतो. अपंगत्व कामाच्या जागी आले की बाहेर, अपघाताने की आजाराने, यानेही फरक पडत नाही. अपंगत्वाच्या वेळी जे काम करण्याची त्याची क्षमता होती ते काम आता करता येत नाही, हे वैद्यकीय मंडळाने प्रमाणित करावे लागते. पेन्शन अपंगत्वाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते आणि हयातभर मिळते. समजा चारच वर्षे सेवा झाली आहे आणि पगार १५,००० आहे. सूत्राने ८५७ रुपये येतात, पण किमान पेन्शन १,००० रुपये असल्याने तेवढी मिळते. रक्कम तुटपुंजी आहे आणि ती वाढावी यासाठी पेन्शनर संघटना अनेक वर्षे लढत आहेत. तरीही ती दरमहा येते, आणि सदस्याच्या मृत्यूनंतर जोडीदाराला व मुलांना पेन्शन मिळण्याचा मार्ग त्यातून खुला राहतो.

हक्क बुडवणाऱ्या तीन सह्या

पहिली सही राजीनाम्याची. अपंगत्व ‘नोकरीत असताना’ आले पाहिजे, ही योजनेची अट आहे. आजारी माणसाला अनेकदा सांगितले जाते, “आता तुला काम जमणार नाही, राजीनामा दे, हिशोब लगेच करून देतो.” आधी राजीनामा आणि नंतर वैद्यकीय कागद, असा क्रम झाला की दावा लंगडा पडतो. आधी तपासणी, प्रमाणपत्र आणि अर्ज. राजीनाम्याचा विचार त्यानंतर.

दुसरी सही फॉर्म १०-सी वरची. दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्याला नोकरी सोडताना दोन पर्याय असतात : पेन्शनची रक्कम काढून घेणे किंवा ‘स्कीम सर्टिफिकेट’ घेणे. रक्कम काढली की तेवढी सेवा पुसली जाते. सर्टिफिकेट घेतले तर ती सेवा पुढच्या नोकरीत जोडली जाते. आजारातून बरे होऊन माणूस दोन-तीन वर्षांनी पुन्हा कामाला लागू शकतो, तेव्हा मागची सात-आठ वर्षे हाताशी असणे फार मोलाचे ठरते. शिवाय सहा महिने किंवा त्याहून जास्त सेवा पूर्ण वर्ष धरली जाते. त्यामुळे साडेनऊ वर्षे झालेल्याने तर पैसे काढण्याची घाई करूच नये.

तिसरी सही मुदतपूर्व पेन्शनच्या अर्जावरची. वयाच्या ५० नंतर आणि १० वर्षांच्या सेवेनंतर ५८ च्या आधी पेन्शन घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्यावी तितक्या वर्षांसाठी दर वर्षी ४ टक्के कपात होते, आणि ती कायमची असते. अपंगत्वाच्या पेन्शनमध्ये वयाची ही कपात नसते. बावन्नाव्या वर्षी पक्षाघात झालेल्या कामगाराने कोणता पर्याय निवडला, यावर त्याचे पुढचे सगळे आयुष्य ठरते. दोन्ही दावे फॉर्म १०-डी वरच करायचे असतात. त्यामुळे पेन्शनचा प्रकार कोणता लिहिला आहे, ते सही करण्याआधी वाचून पाहा.

पगार बंद, घर चालवायचे कसे? ईएसआयचे लाभ

राजीनामा न देता तग धरायचा तर हातात पैसा लागतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला आणि दिव्यांग असल्यास २५,००० पर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयखाली येतो. त्याचे मुख्य लाभ असे :

• आजारपण लाभ : पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते.

• विस्तारित आजारपण लाभ : क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, गंभीर मानसिक आजार अशा ३४ दीर्घ आजारांसाठी पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते.

• कामावरची इजा : तात्पुरते अपंगत्व असेपर्यंत पगाराच्या ९० टक्के. कायमचे अपंगत्व आल्यास कमाईची क्षमता किती घटली हे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्या प्रमाणात हयातभर दरमहा रक्कम मिळते. यासाठी किती दिवस वर्गणी भरली, अशी अट नाही. कामावर रुजू झालेल्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हा लाभ लागू होतो.

घरातून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, वेळ, ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध सिद्ध झाल्यास, २०१० च्या दुरुस्तीपासून कामावरची इजा धरला जातो. केळवे रोडहून लोकलने बोईसरला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. रसायनांमुळे होणाऱ्या, कायद्याच्या यादीतल्या व्यावसायिक आजारांनाही हाच नियम लागू आहे. आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालकाला कामगाराला कामावरून काढता येत नाही. आणि कामावरच्या इजेमुळे नोकरी सुटलीच, तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी निवृत्तीच्या वयापर्यंत ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात.

ईएसआयखाली न येणाऱ्या कामगारांसाठी कर्मचारी भरपाईच्या कायदेशीर तरतुदींचा आधार आहे. तिथे दाव्याची मुदत दोन वर्षांची असते, ती उलटू देऊ नका.

ठेकेदाराकडचे कामगार

“आमचा तर ठेकेदार, आम्हाला कुठली पेन्शन?” असे आम्ही वारंवार ऐकतो. ठेकेदाराने पीएफ किंवा ईएसआयची वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. त्यासाठी आपण त्या कंपनीत काम करत होतो याचा पुरावा हवा : गेट पास, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, बँक खात्यात जमा झालेला पगार. हे कागद धडधाकट असतानाच जपून ठेवायचे असतात. यूएएन क्रमांक चालू करून दर तीन महिन्यांनी ‘उमंग’ ॲपवर पासबुक पाहावे. नाव, जन्मतारीख किंवा आधारमधली चूक आजच दुरुस्त करावी. आजारी माणसाला त्या एका अक्षरासाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत.

सरकारी आणि निमसरकारी नोकरी

इथे संरक्षण सगळ्यात भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २० (४) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यायचे. तेही नसेल तर निवृत्तीपर्यंत किंवा योग्य पद मिळेपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचे. याचा अर्थ पेन्शनसाठीची सेवाही चालू राहते.

१९९५ च्या जुन्या कायद्यातही कलम ४७ खाली हेच होते, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावेत. कुणाल सिंह या जवानाचा पाय कापावा लागला आणि त्याला सेवेतून कमी केले गेले. अपंगत्वाची पेन्शन दिली म्हणून हे संरक्षण नाकारता येत नाही, असे न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले. दुसरा खटला पंजाब वीज मंडळातल्या भगवान दास यांचा. सेवेत असताना त्यांची दृष्टी गेली. हक्काची कल्पना नसल्याने त्यांनी स्वतःच निवृत्तीचा अर्ज लिहून दिला. कर्मचाऱ्याला त्याचा हक्क समजावून सांगणे हे अधिकाऱ्यांचे काम होते, असे म्हणत न्यायालयाने २००८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. चुकीची सही झाली असली तरी सगळे संपत नाही, हा या निकालाचा धडा आहे.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत असलेल्या राज्य कर्मचाऱ्यांसाठी ३१ मार्च २०२३ चा शासन निर्णय महत्त्वाचा आहे. रुग्णतेमुळे सेवानिवृत्त व्हावे लागल्यास त्यांना रुग्णता निवृत्तिवेतन आणि सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची सोय त्यात आहे.

ज्यांचा पीएफच नाही

पानवाडीत, वीटभट्टीवर, मासळीच्या कामावर किंवा घरकामाला जाणाऱ्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. १८ ते ६५ वयाच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या किंवा क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स यांसारख्या दुर्धर आजाराने कमाई थांबलेल्या व्यक्तीला तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य लागते. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. अनुदान दरमहा १,५०० रुपये आहे. दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० करण्यात आले. दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनाही लागू होते.

यासाठी यूडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाचे ऑनलाइन प्रमाणपत्र काढून घ्या. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली जाते. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर आढळणारा सिकलसेल आजार, तसेच पार्किन्सन आणि दीर्घकालीन मानसिक आजार त्यात आहेत. दिव्यांगत्व म्हणजे फक्त हात-पाय नव्हे, हे आधी घरच्यांना पटवावे लागते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

विहारात रविवारी लोक जमतातच. त्यातला एक तास कागदांसाठी ठेवता येईल.

१. वस्तीतल्या प्रत्येक कामगाराचा यूएएन, ईएसआय क्रमांक आणि वारसाची नोंद तपासून घ्या.

२. कुणी महिनाभर कामावर गेला नसेल तर घरी जा. राजीनामा किंवा कोऱ्या कागदावर सही केली आहे का, विचारा.

३. अपघाताची नोंद त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत झाली का, पाहा. दवाखान्याच्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवा.

४. रजेचा अर्ज लेखी द्या आणि पोचपावती घ्या.

५. पीएफ कार्यालयातर्फे दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर होते. अडकलेली प्रकरणे तिथे न्या.

६. पेन्शन सुरू झालेल्यांचे हयातीचे प्रमाणपत्र दर वर्षी वेळेत भरून द्या.

७. प्रकरण न्यायालयात जाणार असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगार, दिव्यांग, महिला, अनुसूचित जाती व जमाती यांना तिथे मोफत वकील मिळतो.

या कामाला मोठा निधी लागत नाही की व्यासपीठ लागत नाही. फॉर्म नीट वाचणारा एक शिकलेला तरुण आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून “थांबा, सही करण्याआधी मला दाखवा” असे सांगण्याची तयारी, एवढे पुरते. प्रत्येक वस्तीत असे दोघे-तिघे उभे राहिले तर कितीतरी घरांचा दरमहाचा आधार वाचेल. केळवे ते बोईसर पट्ट्यातल्या शाखांनी आणि युवक मंडळांनी येत्या रविवारपासूनच याची सुरुवात करावी, असे आम्हाला वाटते.