गारीची वर्षं



मागच्या बैठकीला आम्ही जमलो होतो तेव्हा शेजारच्या घरात टीव्हीवर काश्मीरचा बर्फ दाखवत होते. पांढरी छपरं, पांढऱ्या गाड्या, पांढरे रस्ते. वही लिहायची बाजूला ठेवून सगळ्याच बघत बसल्या. एक आजी म्हणाल्या, "बरंय बाई, आपल्याकडं असलं काय पडत न्हाई." त्यांच्या शेजारच्या आजींनी लगेच तोंड उघडलं, "पडत न्हाई कसं? गारीच्या वर्षी आमचा पत्रा फुटला तो कशानं?"

आजचं माझं बोलणं या दुसऱ्या आजींच्या बाजूनं आहे.

आपलं लोणी भापकर म्हणजे बारामती तालुक्याचा जिरायती पट्टा. आपण आयुष्यभर आभाळाकडं बघतो ते पाण्यासाठी. मृग कोरडा गेला का, हत्तीचा पाऊस झाला का, एवढाच आपला हिशोब. पण संक्रांत झाली, शाळूला कणीस धरलं, हुरडा खाऊन झाला, की नजर बदलते. माघ-फाल्गुनात आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. चार महिने ज्याची वाट पाहिली तेच आता नको असतं. शाळू पिवळा पडून काढणीला आलेला असतो, हरभरा घाटे भरून उभा असतो, इंदापूरच्या बाजूला द्राक्षाचे घड नि डाळिंब झाडावर असतात. आणि दुपारी वारं एकदम पडतं, जीव घुसमटतो, ढगाला काळानिळा रंग येतो. जुन्या बायका सांगतात की गार येताना लांबून जातं फिरवल्यासारखी घरघर ऐकू येते. ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती पुन्हा ऐकायची नाही.

आता काश्मीरच्या बर्फाचा आणि आपल्या गारीचा संबंध काय? संबंध आहे, आणि जवळचा आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून, इराण-अफगाणिस्तानच्या अंगानं थंड वाऱ्यांचे पट्टे येतात. तेच हिमालयावर बर्फ टाकतात. कधी कधी त्यांचा प्रभाव खाली महाराष्ट्रापर्यंत पोचतो. इकडं जमीन तापलेली, समुद्राकडून ओली हवा आलेली. ही ओली गरम हवा जोरात वर चढते आणि वरच्या गारठ्यात सापडते. आपल्या डोक्यावर चार-साडेचार किलोमीटर, म्हणजे दीडेक कोस गेलं, की फाल्गुनातसुद्धा पाणी गोठेल एवढी थंडी असते. तिथं पाण्याचा थेंब गोठतो, वारा त्याला वरखाली खेळवतो, त्याच्यावर थरावर थर चढतात. मोठी गार मधोमध फोडून बघा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतील. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की ती खाली येते. म्हणजे आजीच बरोबर. बर्फ आपल्याकडंही पडतो, फक्त तो अलगद उतरत नाही, धोंड्यासारखा येतो.

गारीनं माणसं मरतात हे पोरांना खरं वाटत नाही, कारण त्यांच्यासाठी गार म्हणजे परातीत गोळा करून खायची मजा. उत्तर प्रदेशात मुरादाबाद म्हणून शहर आहे. ३० एप्रिल १८८८ रोजी तिथं गारा पडल्या आणि त्यात २४६ माणसं गेली. शेरडं-मेंढरं तर हजारावर मेली. जगाच्या हवामान संघटनेनं २०१७ साली जाहीर केलं की गारपिटीत एवढी माणसं गेल्याची दुसरी नोंद जगात नाही. आपल्याच देशातली ही गोष्ट, आणि आपल्या पुस्तकांत तिचा एक धडा नाही.

अशा संकटाला गाव तोंड कसं देत होतं? विदर्भात, नागपूर-वर्धा-वऱ्हाडाच्या बाजूला, गावगाड्यात एक वेगळाच माणूस असायचा. त्याचं नाव गारपगारी. नावातच काम आहे. गार अडवायची, आणि त्याबद्दल गावानं त्याला सुगीत धान्य द्यायचं. हे लोक नाथपंथी. रसेल आणि हिरालाल या दोघांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९१६ साली छापला गेला. त्यात या गारपगाऱ्याचं वर्णन आहे. रात्री आभाळात काळा नि तांबडा रंग मिसळलेला दिसला, धूर आणि जाळ एकत्र असावेत तसा, की त्यानं ओळखायचं, गार येणार. मग तलवार घेऊन मारुतीपुढं उभं राहायचं. आधी विनवणी करायची. देव ऐकेना झाला की धमकी द्यायची, अंगावरचे कपडे फेकायचे, जीव देतो म्हणायचं. कधी बायको आणि पोरंही देवळापुढं आणून उभी करायची आणि देवाला सांगायचं, ढग पांगव, नाहीतर यांना मारतो. पूर्वी हे लोक स्वतःच्या अंगावर वार करून घेत असं म्हणत. ग्रंथ लिहिला गेला तोवर ते बोटातून रक्त काढण्यापर्यंत आलं होतं.

हे वाचल्यावर आपल्याला हसू येतं किंवा राग येतो. मला मात्र त्या बायकोचा विचार सुटत नाही. गावाची शाळू-गव्हाची रानं वाचावीत म्हणून ती अंधारात, वाऱ्यात, पोरांना धरून मारुतीपुढं उभी. धान्य मिळायचं ते नवऱ्याच्या कामाचं म्हणून. ग्रंथात तिला नाव नाही. गार पांगली तर नवऱ्याची विद्या, न पांगली तर? पुढचं कोणी लिहिलेलं नाही.

आपल्या बाजूच्या बारा बलुतेदारांत गारपगारी नाही. आपल्याकडं हे काम घरातल्या बाईनंच अंगावर घेतलेलं. माझी आजी पहिली गार पडली की चुलीजवळचा विळा उचलून अंगणात फेकायची आणि आत येऊन देवापुढं दिवा लावायची. विळ्यानं गार थांबते का? नाही थांबत. पण त्या वेळी हातानं करण्यासारखं दुसरं काय होतं? काढलेली कणसं आत ओढणं, शेरडं सोप्यात घेणं, आणि विळा. पहिली दोन कामं मात्र आजही शहाणपणाची आहेत.

विद्येनं या आभाळाचा माग काढायचा प्रयत्न आपल्या पुण्यातच मोठा झाला. शिवाजीनगरला उतरलात तर रिक्षावाला 'सिमला ऑफिस' म्हणून एक चौक सांगतो. पुण्यात सिमला कुठनं आलं? तर देशाचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याचं मुख्य कार्यालय काही वर्षं सिमल्याला होतं, ते १९२८ साली पुण्यात आलं. कार्यालय आलं आणि नावही सोबत घेऊन आलं. हिमाच्या गावाचं नाव पुण्यात असं राहून गेलं. या खात्यानं थर्मामीटर लावून, रोज वहीत लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला सांगता येतं की १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता. आपल्या गावात त्या पहाटे किती थंडी होती, कुणाची बाग करपली, गोठ्यात काय झालं, हे आपल्याला सांगता येत नाही. लिहिलं कोणी?

याच पुण्याच्या खात्यात १९४८ साली केरळच्या ॲना मणी नावाच्या बाई आल्या. त्या काळी हवामानाची साधी साधी उपकरणंसुद्धा परदेशातून आणावी लागत. ती इथंच बनावीत म्हणून त्यांनी शंभरेक उपकरणांचे आराखडे ठरवून दिले. पुढं त्या खात्याच्या उपमहासंचालक झाल्या. मोबाईलवर जेव्हा 'गारपिटीचा इशारा' येतो तेव्हा त्याच्या मागं कोणाकोणाचे हात आहेत, त्यातला एक हात या बाईंचा.

आता आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं वर्ष, २०१४. त्या साली महाशिवरात्र फेब्रुवारीच्या शेवटी होती आणि होळी मार्चच्या मध्यावर. या दोन सणांच्या मधले दोन-तीन आठवडे महाराष्ट्रावर गारा कोसळत होत्या. एखाद्या गावात एखाद्या दुपारी पडणारी गार आपल्याला माहीत होती, पण तेव्हा राज्यातल्या २८ जिल्ह्यांना फटका बसला. आपला पुणे जिल्हा त्यात होता. सोलापूर, लातूर, उस्मानाबाद, बीड, नगर, नाशिक, विदर्भ, सगळीकडं तेच. काही ठिकाणी रानं इतकी पांढरी झाली की काश्मीरचे फोटो म्हणून खपले असते. द्राक्षाचे घड जमिनीवर, गहू झोपलेला, शाळू काळा पडलेला. कडबा भिजून कुजला म्हणजे पुढं उन्हाळाभर जनावरांना काय घालायचं, हा प्रश्न पेपरात आला नाही, पण प्रत्येक गोठ्यात आला. पाखरं तर झाडाखाली सड्यासारखी पडली.

त्यात ५ मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. मदत जाहीर करायची तर निवडणूक आयोगाची परवानगी. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला फिरत होते. तेव्हाचा नियम होता की निम्म्याहून जास्त पीक गेलं असेल तरच मदत. म्हणजे दहा पोत्यांतली चार गेली तर तुमचं काही गेलंच नाही! पुढच्या वर्षी, २०१५ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुन्हा अवकाळी आणि गारा झाल्या, देशभर ओरड झाली, तेव्हा हा नियम बदलला. पन्नास टक्क्यांची अट तेहतीस टक्क्यांवर आली. म्हणजे गारपिटीच्या लागोपाठ दोन वर्षांनी कायद्याचा एक आकडा खाली आणला. एवढं पीक जाऊन मग.

पण टक्के कितीही असोत, पंचनामा होतो सातबाऱ्यावरच्या नावाचा. त्या वर्षी ओळखीच्या एका ताईंचा सगळा हरभरा गेला. नवरा मुंबईला कामाला, पेरणी तिची, खुरपणी तिची, बांधावर उभी राहून पंचनाम्याला रान दाखवणारी तीच. उतारा सासऱ्यांच्या नावावर, पैसे त्यांच्या खात्यात. सासरे भले म्हणून तिच्यापर्यंत पोचले. सगळ्यांचे सासरे भले असतात असं नाही. आणि जिला रानच नाही तिचं काय? शाळू काढायला, द्राक्षाची विरळणी करायला जाणारी बाई. रान झोपलं की तिचा रोज बुडाला. तिचा पंचनामा कोणत्याच रकान्यात बसत नाही.

ही गोष्ट पूर्वी कोणाच्या ध्यानात आली नव्हती असं नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेनं शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं. लाखांच्या संख्येनं बायका आल्या. त्यातून पुढं शरद जोशींच्या संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' हाती घेतली. ज्या गावात शंभर घरांनी जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर केला, ते लक्ष्मीमुक्ती गाव. १९९२ साली सरकारनंही नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली. तीस वर्षं उलटून गेली. तुमच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, हे मी रेडिओवरून विचारलं तर उत्तर मला ऐकू येणार नाही, पण तुम्हाला येईल.

थोडं कामाचं सांगते. विम्याचे आणि मदतीचे नियम दर हंगामाला बदलतात. मागच्या वर्षीचं धरून बसू नका, पेरणीच्या वेळीच कृषी सहायकांना विचारून घ्या. नुकसान झालं तर रान आवरायच्या आधी फोटो काढा. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' नावाचं ॲप पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी केलेलं आहे, पोरांकडून मोबाईलवर घालून घ्या. आणि रानात असताना गार सुरू झाली तर झाडाखाली पळू नका, गारीबरोबर वीज असते. डोक्यावर पाटी नाहीतर घमेलं घ्या आणि पक्क्या छपराखाली जा. घमेलं लोखंडी असेल तर पालथं धरताना आवाजानं घाबरू नका, एवढंच.

त्या दिवशीच्या बैठकीत टीव्ही बंद झाल्यावर आम्ही बचतीच्या वहीची मागची पानं उघडली. म्हाताऱ्या बायकांना साल आठवत नाही, पण सुकडीचं वर्ष म्हटलं की १९७२ लगेच कळतं. तसं एकेकीला विचारत गेलो. कोणत्या महिन्यात, कोणत्या दिशेनं आली, लिंबाएवढी की बोराएवढी, काय काय गेलं, कोणाला मदत मिळाली, कोणाला नाही. दीड पान भरलं. बऱ्याच ठिकाणी साल रिकामं आहे.

आजींच्या फुटलेल्या पत्र्याचं सालही अजून ठरलेलं नाही. त्या म्हणतात थोरलीच्या लग्नाआधी, सून म्हणते नंतर, बाळंतपणाला आली होती तेव्हा. पुढच्या बैठकीला ट्रंकेतून लग्नाची पत्रिका शोधून आणणार आहेत.