कौल, मिरास व मक्ता : जमिनीच्या कागदांतील मुदतीचा विचार

जुनीं दफ्तरें चाळणारांचा ओढा बहुधा राजकारणाच्या पत्रांकडे असतो. तहनामा किंवा वकिलाची बातमी हातीं आली म्हणजे रुमाल सोडल्याचें सार्थक झालें असें वाटतें; आणि त्याच रुमालांत जीं मिरासपत्रें, कौलनामे, लावणीचीं पत्रकें, झडत्या वगैरे निघतात तीं “गांवचे हिशेब” म्हणून पुन्हां बांधून ठेवलीं जातात. एका घरीं तर असे कागद रद्दीच्या ढिगांत पडलेले प्रस्तुत लेखकानें पाहिले आहेत. या उपेक्षेमुळें आपल्या इतिहासाचें जें नुकसान होतें तें लहान नाहीं. कुणबी आळशी, मामलतदार लोभी, सावकार निर्दय, असे स्वभावाचे शेरे मारून आपण आर्थिक इतिहास आटोपता घेतों. परंतु हे लोक तसे कां वागले याचा उलगडा पुष्कळदां त्यांच्या हातांतील कागदावर किती वर्षांची मुदत लिहिली होती, एवढ्यावरून होतो.

श्रीशिवछत्रपतींनीं इ. स. १६७६ मध्यें प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेलें पत्र अभ्यासकांस परिचित आहे. गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे, ज्यास बैल व पोटास दाणा नाहीं त्यास तो द्यावा, वाढीदिढी न घेतां केवळ मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणें हळूहळू उगवावें, आणि या कामीं दोन लाख लारीपावेतों खर्च पडला तरी चालेल, असा त्याचा आशय आहे. या पत्राची वाखाणणी प्रजावात्सल्याचा पुरावा म्हणून होते, व ती योग्यच आहे. तथापि त्यांतील हिशेबहि पाहण्यासारखा आहे. दिलेला पैसा याच सालीं परत यावा अशी अपेक्षा नाहीं. तो पुढील सालांच्या वसुलांत भरून निघेल असें गृहीत धरलें आहे. पुढील सालें आपलींच आहेत, असा भरंवसा असणाराच असें लिहूं शकतो.

तोच विचार इस्ताव्याच्या कौलांत दिसतो. पडीक जमीन उठवावयाची म्हणजे झाडोरा तोडणें, हरळी खणणें, बांध घालणें यांतच कुणब्याचें पहिलें वर्ष जातें. त्याच सालीं पुरा धारा मागितला तर शहाणा कुणबी त्या रानाकडे फिरकणारहि नाहीं. म्हणून पहिल्या सालीं नांवाचा आकार, दुसऱ्या सालीं कांहीं अधिक, असा चढ लिहून देऊन कांहीं सालांनीं पुऱ्या धाऱ्यास पोंचविण्याची रीत पडली. नवी पेठ वसवितांना शेटेमहाजनांस कौल देऊन येणाऱ्या वाण्याउदम्यांस कांहीं वर्षें जकात माफ करीत, तीहि याच जातीची युक्ति. मात्र कौलाची किंमत तो देणाराच्या पुढील वर्तनावर असे. एका गांवीं कौल मोडला कीं शेजारच्या दहा गांवांत तसा कागद कोणी घेईना.

मिरासीचा प्रकार याहून खोल आहे. ठरलेला धारा देत आहे तोंवर मिरासदारास उठवितां येत नसे. जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा त्यास अधिकार असे. आणि दुष्काळानें किंवा दंग्याधोप्यानें परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनीं परतला तरी गोत त्याची जमीन त्यास देववी. १८१९ च्या अहवालांत एल्फिन्स्टननेंहि ही गोष्ट नमूद केली आहे. कूळ बुडालें तरी थळास मूळ घराण्याचेंच नांव चालत राही, हें थळझाडे पाहणारांस ठाऊक आहेच. अशा जमिनींत विहीर खणणारा नातवासाठीं खणतो. उपरी तसा खणत नाहीं, कारण त्याचा करार सालापुरता. तथापि मिरासीचें केवळ गुणगान करणारांशीं आमचा थोडा मतभेद आहे. उपऱ्याजवळ एक शस्त्र होतें, तें म्हणजे गांव सोडून जाण्याचें. जास्ती पट्टी बसली कीं तो शेजारच्या मामलतींत नवा कौल मिळवी. मिरासदाराचे पाय वडिलार्जित थळांत रुतलेले; जुलुमाच्या दिवसांत ओझें त्याच्याच मानेवर पडे.

ते दिवस दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत आले. १८०२ च्या वसईच्या तहानंतर मामलती मक्त्यानें देण्याचा क्रम बळावला. नाना फडणिसांच्या वेळीं मामलत कागदोपत्रीं सालाची असली तरी चांगला मामलतदार वर्षानुवर्षें एकाच जागीं राही. आतां अधिक बोली बोलणारा आला कीं जुना मक्तेदार दूर होई. तगाई द्यावी तर ती पुढील सालीं फळणार, आणि पुढील साल दुसऱ्याचें! मग हातीं आहे त्या सालांत जेवढें पिळून निघेल तेवढें काढणें हाच त्याचा धंदा झाला, आणि पट्टी भरण्यासाठीं पाटलांनीं गांवाच्या नांवावर सावकारी कर्जें काढलीं.

इंग्रजी अंमलांत मक्ता बंद झाला, पण नियमांचे खेळ थांबले नाहींत. प्रिंगलनें निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ प्रमाणें ठरविलेला आकार जड होऊन रानें पडीक पडलीं. १८३६ पासून इंदापुरांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं तो उतरवून तीस वर्षांची मुदत बांधून दिली तेव्हां लागवड पुन्हां वाढली. जमीन निर्वेधपणें विकतां येऊं लागल्यानें ती सावकारास तारण म्हणूनहि हवीशी झाली. त्यांत १८५९ च्या कायद्यानें साध्या खतावरील फिर्यादीस तीनच वर्षांची मुदत घातली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम असा झाला कीं, दर तीन वर्षांनीं सावकार नवें खत लिहवून घेई आणि थकलेलें व्याज मुदलांत शिरे. मे १८७५ मध्यें सुपें येथें दंगा उसळला व आसपास पसरला, तेव्हां लोकांचा मुख्य रोख खतांवर होता. तीं हिसकून त्यांनीं जाळलीं. १८७९ च्या कायद्यानें खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला तो यामुळेंच.

ज्यांच्या संग्रहीं अशीं खतें असतील त्यांस एक विनंति आहे. नवें खत चांगलें व जुनें फाडलेलें म्हणून जुनें टाकून देऊं नये. दोन्हीं एकाच रुमालांत ठेवावीं. तीं शेजारीं ठेवलीं तरच व्याज मुदलांत केव्हां व किती शिरलें हें दिसतें. कौलांचेंहि तसेंच, कौलाबरोबर त्या त्या सालांच्या वसुलाच्या पावत्या असतील तर त्या वेगळ्या काढूं नयेत, म्हणजे लिहून दिलेला चढ पुढें पाळला गेला कीं नाहीं हें ताडून पाहतां येईल.